पाचारण की राजीनामा?

अर्धीवाट

बरेच दिवस लिहू की नको करत होते. आज लिहूनच टाकते.

वय ४१. ऑडिटमध्ये १८ वर्षं झाली. दुसऱ्यांचे हिशेब तपासायचे आणि आकडा जुळत नाही तिथे बोट ठेवायचं, हे माझं काम. मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) लहानपणापासून आहे, पण मागच्या बाकावरची. (त्याच नावाचे सदस्य इथे आहेत. माफ करा, काका.) गेली तीनेक वर्षं एक गोष्ट पाठ सोडत नाही: नोकरी सोडून थिऑलॉजी शिकावी आणि पाळकपदासाठी, म्हणजे चर्चचं पुढारपण करण्यासाठी, स्वतःला पुढे करावं. स्वप्न पडलं नाही, आवाज आला नाही. विचार फक्त जात नाही. मी स्वतः त्याला दोनदा हाकलून पाहिलाय.

माझ्या भोवतालचं जग पूर्ण सेक्युलर आहे. कुणी विरोध करत नाही, कुणी चिडवत नाही, विषयच निघत नाही. ऑफिसात एका मैत्रिणीला सहज बोलून पाहिलं. ती जरा वेळ गप्प बसली आणि मग हळूच म्हणाली, "घरी सगळं ठीक आहे ना?"

प्रश्न दोन. याला पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, म्हणायचं की चाळिशीचा कंटाळा? आणि जिथे चर्चला जाणं हीच विचित्र गोष्ट आहे, तिथे चर्चचं पुढारपण करणाऱ्या माणसाचा नेमका उपयोग काय?

शंकेखोर

नास्तिक आहे, तरी डोकावतो. "पाचारण" हा शब्द मी फक्त बातम्यांत वाचलाय. "परिस्थिती हाताबाहेर गेल्याने अग्निशामक दलाला पाचारण करण्यात आले." तुमच्याकडे आग कुठे लागलीय ते आधी सांगा.

रानफूल

हाहा, शंकेखोर. वाचतेय. लिहा सगळ्यांनी.

मागचा_बाक

ताई, माफी कशाला, बाक लांब आहे.

मी मंडळीत वडील (कारभार पाहणारा ज्येष्ठ सदस्य) म्हणून बरीच वर्षं काढली आणि त्यातली काही वर्षं उमेदवारांच्या निवड समितीत. त्यामुळे तुमचा पहिला प्रश्न टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलाय. पाचारणाचे दोन भाग मानतात. आतलं, जे फक्त तुम्हाला कळतं, आणि बाहेरचं, जे मंडळी तुम्हाला सांगते. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनने हा फरक स्पष्ट मांडला आणि आतल्या भागाला तो गुप्त म्हणतो, कारण त्याला मंडळी साक्षी नसते. आमच्यासमोर येणारे बहुतेक जण आतल्या भागाची फाइल जाडजूड करून आणायचे. बाहेरच्या भागाचं पान कोरं.

एक तरुण आठवतो. देवाने मला बोलावलंय याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. आम्ही विचारलं, तुझ्या मंडळीत आणखी कुणाला असं वाटतं? तो म्हणाला, त्यांना अजून कळलेलं नाही. आम्ही थांबायला सांगितलं. तो रागावून गेला.

बायबलमधली शमुवेलाची गोष्ट पुन्हा वाचा. मुलाला आवाज ऐकू येतो, पण तो तीनदा चुकीच्या माणसाकडे धावतो. हाक देवाची आहे हे ओळखतो म्हातारा पुरोहित एली, ज्याला नीट दिसत नाही आणि ज्याची पोरं वाया गेलीत. आणि त्या हाकेतला पहिला निरोप एलीच्याच घराण्याविरुद्ध असतो! तुमचं पाचारण ओळखणारा माणूस तुमचा चाहता असायलाच हवा असं नाही. मी तर म्हणेन, नसलेला बरा.

तंबूवाला

माझ्या आयडीवरून अंदाज आला असेल. आठवड्याचे पाच दिवस गोदामात माल मोजतो, उरलेल्या वेळात एका लहान मंडळीचा पाळक. बायबलमधला प्रेषित पौल करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू बनवत होता (प्रेषितांची कृत्ये १८), तेव्हा आमचा धंदा जुना आहे.

"नोकरी सोडून" हे तुम्ही गृहीत का धरलंत? माझी मंडळी पूर्ण पगार देऊ शकत नाही. लहान मंडळ्यांत ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. फायदा असा की सोमवारी मी अशा लोकांत असतो ज्यांना उपदेशात रस नाही. त्यामुळे रविवारी मी फेकत नाही. तोटाही सांगतो. अंत्यविधी शिफ्ट बघून येत नाहीत. मागे एकदा सलग दोन रात्री इस्पितळात बसून तिसऱ्या दिवशी कामावर गेलो आणि अख्खी रांग चुकीची मोजली. साहेबांनी विचारलं, कुठे असतोस रे तू? खरं सांगितलं. त्यांनी एक अवाक्षर काढलं नाही, पण पुढच्या महिन्यात त्यांची आई गेली तेव्हा पहिला फोन मला आला.

शंकेखोर

तंबूवाला, हा प्रतिसाद आवडला. पण मूळ दुसरा प्रश्न कुणीच घेत नाहीये. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणणारे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली आले. ४६.२ टक्के. दहा वर्षांपूर्वी ५९.३ होते. "कोणताच धर्म नाही" म्हणणारे ३७.२. दुकानातली गिऱ्हाइकं कमी होत असताना तुम्ही नवा मॅनेजर नेमताय. मॅनेजर करणार काय?

जुनीवही

अवांतर, पण फार नाही. "सेक्युलर" हा शब्द चर्चच्याच घरात वाढला. लॅटिन "सेक्युलुम" म्हणजे युग, हा चालू काळ. कॅथलिक परंपरेत मठात किंवा संघात न राहता लोकांमध्ये राहून काम करणाऱ्या धर्मगुरूंना आजही सेक्युलर क्लर्जी म्हणतात. "सेक्युलॅरिझम" ही विचारसरणी म्हणून उभी केली ती जॉर्ज होलिओकने, १८५१ मध्ये. म्हणजे सेक्युलर पाळक हा विरोधाभास नाही. पाळकाने त्याच्या काळात राहायचं असतं, एवढाच मूळ अर्थ.

आणि शंकेखोर, गिऱ्हाइकं कमी झाल्यावर काय करायचं याचं उदाहरण हवं तर लेस्ली न्यूबिगिन. १९३६ मध्ये मिशनरी म्हणून भारतात आले, १९४७ मध्ये दक्षिण भारतीय चर्चचे बिशप झाले, १९७४ मध्ये इंग्लंडला परतले आणि त्यांना धक्का बसला. उघड विरोध परवडला, पण तिथली थंड तुच्छता पचवायला जड, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलंय. निवृत्तीच्या वयात त्यांनी बर्मिंगहॅममध्ये तुरुंगासमोरच्या एका लहानशा मंडळीचं पाळकपद घेतलं. बिशपपद भूषवलेला माणूस! त्यांचं म्हणणं होतं की अविश्वासी समाजाला सुवार्ता (ख्रिस्ताचा संदेश) समजावून सांगणारं सगळ्यांत चांगलं भाष्य म्हणजे त्या सुवार्तेवर जगणारी एखादी मंडळी. पाळकाचं काम ती मंडळी तशी राहील हे पाहणं. मॅनेजर म्हणा हवं तर.

फाटकी_छत्री

मी ११ वर्षं पाळक होतो. आता नाही. म्हणून जरा कडू बोलेन.

"मॅनेजर" या शब्दाला तुम्ही हसताय, पण माझं नेमकं तेच झालं. छप्पर गळतंय, वर्गणी कमी पडतेय, वाद्यवृंदातल्या दोघांचं पटत नाही, वार्षिक अहवालाची तारीख उलटून गेली. आठवड्यातले किती तास प्रार्थनेत आणि वचनाच्या अभ्यासात गेले हे एकदा मी वहीत लिहून काढलं आणि वही बंद करून ठेवली. वरच्या लोकांना हजेरीचे आकडे हवे असत. आकडा घसरला की पुढारपणाच्या प्रशिक्षणाला पाठवत. तिथे शिकवणारा माणूस आदल्या आठवड्यात विक्री प्रतिनिधींना तेच शिकवून आलेला.

बायबलमध्ये मोशेला त्याच्या सासऱ्याने सांगितलं होतं, एकटा सगळं करशील तर तूही झिजशील आणि लोकही. निर्गम १८. हे मी मंडळीला उपदेशात तीनदा सांगितलं असेल. स्वतःवर एकदाही लावलं नाही. त्याचा दोष कुणाला देऊ?

अर्धीवाट, तुम्हाला येऊ नका म्हणत नाही. पण ज्या कामासाठी पाचारण झालंय असं वाटतं आणि जे काम प्रत्यक्ष हातात पडतं, त्या दोन आकड्यांचा ताळा बसत नाही. तुम्ही ऑडिटर आहात, तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल.

मागचा_बाक

छत्री, तुमच्या प्रतिसादावर काय लिहावं कळत नाही. आमच्या समितीनेही असे आकडे मागितलेत. तेव्हा ते जबाबदारीचं वाटलं होतं.

ओळीबाहेर

एक गोष्ट सगळे सोयीस्कर विसरताय. धागाकर्ती बाई आहे. "मंडळी ओळखेल" म्हणणं सोपं आहे. आमच्या मंडळीत मी १४ वर्षं अभ्यासवर्ग घेतले, आजाऱ्यांकडे गेले, पाळक रजेवर असताना उपदेशही केला (त्याला "मनोगत" म्हणायचे). पाळकपदाच्या दीक्षेचा विषय काढला तर उत्तर आलं, तुझं दान वेगळं आहे. बाहेरच्या पाचारणाचा दरवाजा ज्यांच्या हातात, त्यांनी तो आधीच लावून घेतला असेल तर आतल्या आवाजाचं काय करायचं, काका?

मागचा_बाक

ओळीबाहेर ताई, माझ्याकडे याचं चांगलं उत्तर नाही. वाईट उत्तर देण्यापेक्षा गप्प बसतो.

जुनीवही

ओळीबाहेर, इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना धर्मगुरूपदाची पहिली दीक्षा १९९४ मध्ये दिली. त्याच चर्चमध्ये सेरा मुलॅली आधी परिचारिका, पुढे सरकारच्या मुख्य नर्सिंग अधिकारी, मग धर्मगुरू, २०१८ मध्ये लंडनच्या बिशप, आणि २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे त्या चर्चच्या सर्वोच्च धर्मगुरूपदासाठी, त्यांची निवड जाहीर झाली. त्या पदावर पहिली स्त्री. मंडळ्यासुद्धा आपलं ऐकणं सुधारतात. मान्य, फार सावकाश.

ओळीबाहेर

सावकाश हा शब्द मला आता पुरतो, जुनीवही. मी ५८ वर्षांची आहे.

शंकेखोर

त्या पदावरच्या आधीच्या माणसाला २०२४ मध्ये अत्याचाराच्या एका प्रकरणाच्या हाताळणीवरून राजीनामा जाहीर करावा लागला, हेही लिहा की. लोकांचा विश्वास उडाला तो विज्ञान वाचून नव्हे. पुढारी झाकाझाकी करतात हे पाहून उडाला. निदान माझा तरी.

तंबूवाला

शंकेखोर, यावर वाद घालणार नाही. पूर्वी पाळकाची पांढरी कॉलर दिसली की लोक उठून उभे राहायचे. आता कॉलर दिसली की पोरांना जवळ घेतात. हे आम्ही कमावलंय. आता पदाच्या जोरावर काही मिळत नाही, ओळखीवर मिळतं. ओळख व्हायला वर्षं लागतात.

वातीची_काजळी

कॅथलिक बाजूने थोडं. आमच्याकडे धर्मगुरू व्हायला साधारण सात-आठ वर्षं किंवा जास्तच लागतात, आणि सेमिनरीत (धर्मगुरूंच्या प्रशिक्षण संस्थेत) प्रवेश म्हणजे पाचारण सिद्ध झालं असं कुणी मानत नाही. तो काळ तपासण्यासाठीच असतो. मध्येच बाहेर पडणाऱ्यांना पूर्वी फार लाज वाटे. माझा भाऊ चौथ्या वर्षी परतला तेव्हा आईने महिनाभर शेजाऱ्यांना सांगितलं नाही. आज तो शिक्षक आहे आणि म्हणतो, ती चार वर्षं वाया गेली नाहीत, त्यांनी "नाही" हे उत्तर दिलं.

जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा एक नियम ताईंना उपयोगी पडेल. मन कोरडं, खिन्न, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. हा माणूस सैनिक, १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने पाय मोडला, अंथरुणात पडल्यापडल्या त्याने स्वतःच्या मनाचं निरीक्षण केलं. शौर्याच्या कल्पना करताना मजा यायची, पण नंतर कोरडं वाटायचं. संतांसारखं जगण्याची कल्पना केली की तो आनंद मागे रेंगाळायचा. तर ताई, पाळक होण्याचा विचार करून झाल्यावर तासाभराने काय उरतं? आणि हा विचार जोरात येतो तो ऑफिसातल्या वाईट दिवशी की चांगल्या?

अर्धीवाट

सगळ्यांचं वाचलं, काहींचं दोनदा.

काजळी, मी मागच्या वर्षभराच्या नोंदी काढून पाहिल्या (हो, ठेवते). विचार चांगल्या दिवशी जास्त येतो. हे मला अपेक्षित नव्हतं.

शंकेखोर, तुमची आग. मागच्या वर्षी आमच्या विभागातून ९ जणांना एका दुपारी काढलं. त्यातला एक माझ्या टेबलापाशी येऊन बसला. आम्ही बोललो नाही. शेवटी त्याने विचारलं, "तू प्रार्थना वगैरे करतेस ना? माझ्यासाठी करशील?" तोही तुमच्यासारखाच, काही न मानणारा. त्याला हे कसं ठाऊक होतं कुणास ठाऊक. मला तेव्हा वाटलं, माझं खरं काम हे आहे आणि ऑडिट मी मधल्या वेळात करते.

रानफूल

मग ताई, तुम्ही ते करतच आहात की! धर्मसुधारक ल्यूथरने हेच सांगितलं ना, पाचारण फक्त मठातल्यांना नसतं, चांभाराचं, आईचं, हिशेबनिसाचं कामही पाचारणच. १५२० मध्ये त्याने सर्व विश्वासणाऱ्यांच्या याजकपणाबद्दल (पुरोहितपणाबद्दल) लिहिलं. राजीनाम्याची गरजच नाही.

फाटकी_छत्री

रानफूल, हे मलाही पाळकपद सोडताना दहा जणांनी सांगितलं. गोड आहे, पण अर्धं आहे. ल्यूथरने सगळ्यांना याजक म्हटलं, सगळ्यांना पाळक म्हटलं नाही. सगळ्यांच्या वतीने ते काम करायला कुणालातरी मंडळीने नेमावं लागतं, हेही त्यानेच सांगितलं. जवळच्या सहकाऱ्याशेजारी एक दुपार बसणं वेगळं. जी माणसं तुम्ही निवडलेली नाहीत, त्यातली काही तुम्हाला सहन होत नाहीत, त्यांच्यासमोर दर रविवारी वचन उघडणं, प्रभुभोजन देणं आणि मंगळवारी त्यांच्याच तक्रारी ऐकणं वेगळं. "तू आहेस तिथेच पाळक आहेस" हे वाक्य बऱ्याचदा उमेदवाराला परत पाठवण्यासाठी वापरतात. ओळीबाहेर यांना विचारा.

ओळीबाहेर

शब्दशः हेच वाक्य.

जुनीवही

छत्रींना दुजोरा. उलट्या दिशेचाही प्रयोग झालाय. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी शेवटी फ्रान्समध्ये काही कॅथलिक धर्मगुरू कारखान्यांत आणि गोद्यांत मजूर म्हणून शिरले, कारण कामगारवर्ग चर्चपासून तुटला होता. काही जण संघटनांत गेले, संपात उतरले. रोमला साम्यवादाची धास्ती वाटली आणि १९५४ मध्ये हे प्रकरण थांबवलं गेलं. काहींनी आज्ञा पाळली, काही कारखान्यातच राहिले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, १९६५ मध्ये, पुन्हा परवानगी मिळाली. पाळक आणि मजूर हे एकाच माणसात मावतं का, यावर त्यांनी आयुष्यं लावली. सहज सुटणारं गणित नाही.

बाकी, स्वतःहून पुढे येणाऱ्यांपेक्षा पळणारे जास्त नावाजले गेले. नाझिआन्झसच्या ग्रेगरीला वडिलांनी मनाविरुद्ध दीक्षा दिली, तो पळून मित्राकडे गेला आणि काही महिन्यांनी परतला. ३७४ मध्ये मिलानचा राज्यपाल अँब्रोझ बिशपच्या निवडीवरून दंगा होऊ नये म्हणून चर्चमध्ये गेला, तर लोकांनी त्यालाच बिशप केला. तेव्हा त्याचा बाप्तिस्माही झाला नव्हता! ऑगस्टीन तर बिशप नसलेल्या गावी जायचंच टाळायचा. ३९१ मध्ये हिप्पोला बिशप आहे म्हणून निर्धास्त गेला, लोकांनी धरून दीक्षा दिली. तो रडायला लागला. काहींना वाटलं, बिशपपद मिळालं नाही म्हणून रडतोय, आणि त्यांनी त्याचं सांत्वन केलं, होईल हो तेही.

शंकेखोर

ऑगस्टीनचं सांत्वन हा या धाग्याचा कळस. आमच्या ऑफिसात बढतीच्या वेळी हेच होतं.

तंबूवाला

अर्धीवाट, एक व्यावहारिक सूचना. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या काही गटांत नेमलेले पाळक नसतात, पण त्यांची एक पद्धत मी उसनी घेतलीय. चार-पाच ओळखीच्या लोकांना बसवायचं. त्यांनी सल्ला द्यायचा नाही, अनुभव सांगायचे नाहीत, फक्त प्रश्न विचारायचे. मधली शांतता भरून काढायची नाही. दोन-तीन तास. मी करून पाहिलं. सगळ्यांत कठीण भाग म्हणजे सल्ला न देणं.

आणि त्यात एक तरी मंडळीबाहेरचा माणूस घ्या. बायबलमधलं १ तीमथ्य ३:७ सहसा कुणी उपदेशात घेत नाही. अध्यक्षाबद्दल (मंडळीच्या पुढाऱ्याबद्दल) बाहेरच्या लोकांचंही मत चांगलं असायला हवं, असं तिथे स्पष्ट आहे.

शंकेखोर

थांबा. म्हणजे तुमच्या पुस्तकानुसार आमचंही मत मोजायचं?

तंबूवाला

मोजायचं. तुमच्या दुर्दैवाने.

मागचा_बाक

इतकी वर्षं समितीत बसून मी एकाही उमेदवाराच्या सहकाऱ्याला फोन केला नाही. शिफारसपत्रं घेतली ती पाळकांची.

अर्धीवाट

१२ दिवसांनी लिहितेय. बैठक झाली. पाच जण: मंडळीतले दोन, बहीण, एक जुनी शिक्षिका आणि ऑफिसातली तीच "घरी ठीक आहे ना" वाली.

तिने तासभर काही विचारलं नाही. मग विचारलं, "लोक बोलत असताना तू त्यांची वाक्यं पूर्ण का करतेस?" मी म्हटलं, मी असं करत नाही. बाकीच्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बहिणीला हसू आवरेना.

नंतर मी त्या काढून टाकलेल्या सहकाऱ्याची दुपार आठवली. आम्ही बोललो नाही असं मी वर लिहिलंय. ते खरं आहे. पण त्या दिवशी मला घशाचा संसर्ग होता, आवाज बसला होता.

राजीनामा तूर्त देत नाही. मंडळीतल्या वडिलांशी बोलले. ते म्हणाले, दर बुधवारी म्हाताऱ्या माणसांचा गट भरतो, सहा महिने तिथे बस. चालवायचा नाही, प्रार्थना सांगायची नाही, नुसतं बसायचं. खुर्च्या मात्र लावायच्या. सहा महिन्यांनी त्या म्हाताऱ्यांना विचारू. मला जरा राग आला, खोटं कशाला बोलू. आणि विचार अजूनही गेलेला नाही, हेही सांगते.

फाटकी_छत्री

तुमच्या मंडळीतले वडील शहाणे आहेत. मला कुणी सहा महिने बसवलं असतं तर... जाऊ दे. किती जण येतात बुधवारी?

अर्धीवाट

सात. त्यातले दोघे बहिरे आहेत, त्यामुळे वाक्यं पूर्ण करण्याचा प्रश्न तिथे उलट्या बाजूने येतो.

शंकेखोर

वाचनखूण साठवली आहे. पहिल्या बुधवारी काय झालं ते लिहा. मत मोजायचं तर माहिती हवी.